सायलीची मुलाखत आणि माझा ससा

समस्त डोंबिवलीकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नव्वदच्या सुमारास आमच्या दोन खोल्यांच्या घराची फाळणी झाली होती. कारण होती आमची कन्या सायली, वय साडेतीन.

आमच्या लहानपणी शाळा निवडायची भानगडच नव्हती. जी जवळ, तिच्यात पोराला ढकललं की झालं! आता मात्र गल्लोगल्ली इंग्रजी शाळा निघाल्या होत्या. माझी बायको अंजू म्हणाली, "इंग्रजीच." माझे वडील, आबा (चाळीस वर्षं मराठीचे मास्तर), म्हणाले, "मराठीच." दोघांनी परस्पर फॉर्म भरले आणि दोन्ही मुलाखती आल्या एकाच दिवशी! बोलणं बंद झालं. निरोप माझ्यामार्फत.

"सूनबाईंना सांग, आमटीत मीठ नाही."

"आबांना सांग, बरणी त्यांच्यासमोरच आहे."

(होती खरी.)

सकाळी इंग्रजी शाळा. आबा आले, "नुसतं बघायला." खुर्च्या कमी पडल्या म्हणून मी मुलाखत घेणाऱ्या मॅडमच्या पाठीमागे कपाटाला टेकून उभा राहिलो. तिथेच घात झाला.

"व्हॉट डज द काऊ गिव्ह अस?"

सायली गप्प! घरी शंभर वेळा घोकलेलं! मी मॅडमच्या पाठीमागून दोन्ही हातांनी हवेत धार काढायला लागलो.

"बाबा घंटा वाजवतायत," सायली म्हणाली.

मॅडम वळल्या. मी घाम पुसला. आबा मिशीत हसले, अंजूने डोळे वटारले.

"व्हिच ॲनिमल हॅज लाँग इअर्स?"

मी डोक्यावर दोन हात उभे धरले. पोरगी ढिम्म! मग मी गुडघे वाकवून एक उडी मारली. दुसरी मारली. तिसरीला माझी पाठ कपाटावर आदळली आणि वरचे क्रीडास्पर्धेचे कप धडाधड खाली आले. सगळ्यात मोठा माझ्या डोक्यात! मॅडम गर्रकन वळल्या, तेव्हा मी उकिडवा बसलो होतो. कान अजून उभेच.

"रॅबिट!" सायली आनंदाने किंचाळली.

मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. खांदे गदगदा हलत होते. "ॲडमिशन दिली," त्या कशाबशा म्हणाल्या. "मिस्टर, उठा आता!"

दुपारी मराठी शाळा. आता अंजू आली, "नुसतं बघायला." मला दाराशी बसवून हात खिशात घालायला लावले. मुख्याध्यापिका बाई आबांच्या जुन्या विद्यार्थिनी.

"काय गं बाळ, सकाळी काय केलंस?"

झालं! सायलीने धार, घंटा, ससा, कप, सगळं उड्या मारून साग्रसंगीत करून दाखवलं. शेजारच्या वर्गातून दोन शिक्षिका धावत आल्या. त्यांच्यासाठी पुन्हा एकदा! (टेंगूळ दाखवायला मला उभं केलं, ते वेगळंच.)

"हिला आम्हीही घेतलं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण सर, दोन्हीकडे मिळालंय, तर पोरीलाच विचारू या ना. सायली, तुला कुठली शाळा हवी?"

आबांनी श्वास रोखला. अंजूने पर्स आवळली. आठ दिवसांचं युद्ध आता एका शब्दावर येऊन थांबलं होतं. सायलीने आबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"जिथे बाबा येणार नाहीत, ती!"