कच्ची तात

आमच्या गल्लीतल्या इमाम पिंजाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नसे. खांद्यावर धनुकली टाकून तो पार उचगावपर्यंत गाद्यांचा कापूस पिंजत फिरे. कुणी कितीही घाई केली तरी मान डोलावून मोकळा होई आणि मग बायको, ताजबी, त्याच्या नावानं बोटं मोडत बसे. धनुकलीला लागणारी तात, म्हणजे बकऱ्याच्या आतड्याची दोरी, तो घरीच वळायचा. त्या कामात कोल्हापुरात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना ऐकवायचा.

शाहू महाराजांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. शिकारखान्यात आफ्रिकेहून चित्ते आले, त्यांच्याबरोबर त्यांना सांभाळणारा मोंबासाचा जुमा आला. जुमाजवळ गिटार होती. आपल्या मुलखातली जुनी गाणी तो एकटाच तिच्यावर वाजवायचा. शिकारखान्याच्या आवारात त्याचं वादन ठरलं, आणि नेमकी गिटारीची एक तार तुटली. ती होती आतड्याची, आणि बाजारात सगळ्या धातूच्या. तेव्हा शिकारखान्यातला ख्वाजा चित्तेवान इमामच्या दारात येऊन उभा राहिला.

“बारीक तात हाय का रं? उद्या सांजला पायजे.”

तात होती, पण आभाळ आल्यामुळं नीट वाळलेली नव्हती. एवढं सांगायला काय झालं होतं? पण सरकारी माणूस दारात, अख्खी गल्ली बघायला गोळा झालेली. इमामची छाती फुगली.

“हाय की! न्या बिनघोर.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ऐटीत पुढं जाऊन बसला. जुमानं गिटार मांडीवर घेतली, खाली वाकला आणि तारांच्या अगदी जवळ तोंड नेऊन सूर ऐकू लागला. ते बघताच इमामची ऐट उतरली. त्याचा बाप दिलदार डाव्या डोळ्यानं आंधळा झाला होता तो कच्ची तात तुटून तोंडावर आल्यामुळंच.

वादन सुरू झालं. लोक माना डोलावू लागले. शेजारचे गणपतराव मांडीवर ठेका धरून “भले! भले!” करत होते. इमामला मात्र ती एकच तात दिसत होती. ओली तात सैल पडायची, सूर उतरायचा, की जुमा पुन्हा वाकून खुंटी पिळायचा. खुंटी पिळली की इमाम डोळे घट्ट मिटून घ्यायचा. हे गाणं संपलं की सांगू, असं त्यानं ठरवलं. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि एवढ्या लोकांत तोंड कसं उघडायचं? तात टिकेलही, असं तो मनाशी म्हणाला.

जुमा पुन्हा वाकला. या वेळी त्यानं गाल लाकडाला टेकवला आणि खुंटी पिळली.

“थांबा!” इमाम ताडकन उभा राहिला. “पावणं, तोंड मागं घ्या! तात माझी हाय, कच्ची हाय ती! माझ्या बाचा डोळा असाच गेलता!”

सगळं आवार त्याच्याकडं बघू लागलं. कुणीतरी फिदीफिदी हसलं. ख्वाजानं मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत जुमाला सांगितलं. जुमानं मान वर करून बाजूला वळवली, तोच ताडकन तात तुटली. तिचं टोक त्याच्या कानाच्या पाळीला चाटून गेलं.

इमामला वाटलं, संपलं. आता कोण आपल्या हातात कापूस देणार?

जुमानं बाहीनं रक्त पुसलं. तुटलेल्या तातेकडं पाहिलं, मग इमामकडं पाहिलं आणि छातीवर हात ठेवून मान लववली. उरलेल्या तारांवर त्यानं पुढचं गाणं धरलं.

आणि तेव्हा कुठं इमामला ते ऐकू आलं. जुमाचा अंगठा खर्जाच्या जाड तारांवर संथ होडी वल्हवावी तसा चालत होता. बारीक तारांवर बोटं एकमेकांना हाका मारत होती, ओ देत होती. एकच माणूस, आणि सगळं गाव गात असल्यासारखं वाटत होतं. इतका वेळ हे असं चाललं होतं?

“ए, खाली बस की!” मागचे लोक ओरडत राहिले, आणि हा उभ्या उभ्या रडत ऐकत राहिला.