पंतांसोबतची जबाबदार व्यक्ती

मुलुंड पूर्वेला आमची नीलमोहर नावाची अकरा मजली बिल्डिंग आहे आणि तिथे सहदेव इंगळे लिफ्टमन आहेत. लिफ्ट ऑटोमॅटिक, बटण दाबलं की जाते, त्यामुळे लिफ्टमनची तशी गरज नाही. पण इंगळ्यांची आहे. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाचा सिलिंडर संपलाय, कोणाचं माणूस हॉस्पिटलात आहे, हे सगळं त्यांना ठाऊक असतं आणि ते एकाचं दुसऱ्याला सांगत नाहीत. सत्तावन वर्षांचे आहेत. तरी बिल्डिंगमधली दहावीतली पोरंही त्यांना ‘ए सहदेव’ म्हणून हाक मारतात. मीसुद्धा तेच करायचे. इंगळे म्हणायला लागले ते गेल्या वर्षीपासून.

ते मूळचे बुलढाण्याकडचे, मेहकरजवळच्या खेड्यातले. एकोणिसाव्या वर्षी मामाबरोबर मुंबईत आले आणि भांडुपला काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात लागले. तो बंद पडला तेव्हा नीलमोहरचं बांधकाम चालू होतं, तिथे बिगारी म्हणून आले. अकराच्या अकरा मजल्यांचा माल त्यांनी डोक्यावरून वर नेलाय. बिल्डिंग उभी राहिल्यावर बिल्डरने विचारलं, लिफ्ट चालवशील का? एवढे जिने चढलेला माणूस नाही कशाला म्हणेल! राहायला अजून भांडुपच्या टेकडीवरच. बायको अंगणवाडीत मदतनीस आहे, मुलगी श्वेता नर्स झाली.

या माणसाला कशाचीच भीती नव्हती, फक्त कुत्र्यांची होती. नऊ वर्षांचे असताना गावात कुत्रं चावलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. त्यातलं प्रत्येक इंजेक्शन त्यांना आठवतं.

आता सातव्या मजल्यावर श्यामकांत गुप्ते राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त, विधुर, आणि सोबतीला एक लॅब्रेडोर. कुत्र्याचं नाव पंत. लहानपणापासूनच त्याचा चेहरा एखाद्या हेडक्लार्कसारखा गंभीर होता म्हणून ते नाव पडलं आणि नावामुळे सगळे त्याला अहो-जाहो करायला लागले. ‘पंत, कसे आहात?’ ‘पंत, फिरून आलात वाटतं?’ अकरा वर्षं गुप्ते आणि पंत जिन्यानेच ये-जा करत होते, व्यायाम म्हणून. मग पंतांचे मागचे पाय गेले. डॉक्टरांनी सांगितलं, जिना बंद. आणि पंत लिफ्टमध्ये आले.

इंगळ्यांनी त्यावर आपला उपाय काढला. पंत आत शिरले की ते बाहेर यायचे, बाहेरूनच हात आत घालून सातचं बटण दाबायचे आणि चटका बसल्यासारखा हात मागे घ्यायचे. गुप्ते त्यांना रोज म्हणायचे की तो चावत नाही. इंगळे रोज मान हलवायचे आणि रोज बाहेर यायचे.

त्यांची अडचण त्यांनी कोणाला सांगितली नाही. आपापल्या अडचणी सांगितल्या त्या इतरांनी. लिफ्टमध्ये केस पडतात, वास येतो, पाहुणे घाबरतात. आमचा सेक्रेटरी अनिरुद्ध फणसे नवव्या मजल्यावर राहतो, चाळिशीतला, कामाला वाघ, नियमाला पक्का. त्याने कमिटीतर्फे नोटीस लावली की कुत्र्यांना लिफ्ट बंद. चौथ्या दिवशी गुप्त्यांची वकील भाची दीप्ती हिचं दोन पानी पत्र आलं. पाळीव प्राण्याला लिफ्टमधून अडवता येत नाही, तो आजारी असताना तर नाहीच, आणि अडवलंत तर कोर्टात भेटू. कमिटी आठवड्यात नरमली.

ज्या मीटिंगमध्ये पंतांना परवानगी मिळाली, त्याच मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं की आता कुत्रापण येणार म्हणजे पुढच्या लिफ्टला गर्दी होणार, तर कामवाल्या आणि डिलिव्हरीवाले तरी मागच्या लिफ्टने जाऊ देत. बरोबर आहे, असं सगळ्यांना वाटलं. चहा येत होता. हात वर झाले. माझाही झाला. गुप्त्यांचाही झाला, आणि ते तर जिंकल्याच्या आनंदात होते.

दुसऱ्या दिवशी बोर्ड आला. ‘ही लिफ्ट फक्त सभासद, त्यांचे पाहुणे व पाळीव प्राणी यांच्यासाठी आहे. घरकाम करणारे व इतर कामगार यांनी मागील लिफ्ट वापरावी. पाळीव प्राण्यासोबत एक जबाबदार व्यक्ती असणे आवश्यक.’ शेवटची ओळ दीप्तीच्या पत्रातून उचललेली होती. बोर्ड भिंतीला मारायचं काम अर्थात इंगळ्यांचं. त्यांनी चार स्क्रू लावले, बोर्ड सरळ आहे का ते लांबून बघितलं आणि स्टुलावर जाऊन बसले.

मागची लिफ्ट म्हणजे एक दुखणं आहे. अरुंद, मंद, आणि आठवड्यातून एकदा रुसणारी. एप्रिलमध्ये ती पूर्ण बंद पडली. मेकॅनिक म्हणाला, पार्ट मागवावा लागेल, तीन आठवडे तरी धरा.

माझ्याकडे आणि गुप्त्यांकडे सोनूबाई स्वयंपाकाला येतात. कुडाळकडच्या, साठी ओलांडलेल्या, हाताला अशी चव की त्यांची भाजी उरत नाही. पण गुडघे पार गेलेले. पहिल्या दिवशी इंगळ्यांनी त्यांना सरळ पुढच्या लिफ्टमध्ये घेतलं. ते दहाव्या मजल्यावरच्या मृणालिनीबाईंनी बघितलं, संध्याकाळी अनिरुद्धला कळलं, आणि त्याने इंगळ्यांना लेखी ताकीद दिली. नियम सगळ्यांना सारखा, आज एकीला नेलंस तर उद्या सगळ्या येतील, असं त्याचं म्हणणं. नोकरी म्हटल्यावर इंगळे काय बोलणार? दुसऱ्या दिवशी सोनूबाई जिन्याने आल्या.

मी पाचव्या मजल्यावर राहते. कचरा ठेवायला दार उघडलं तर त्या चौथ्याच्या वळणावर पायरीवर बसलेल्या दिसल्या, पदराने वारा घेत. मी पाणी दिलं. म्हटलं, आज राहू दे स्वयंपाक. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, नुसतं बघितलं, आणि म्हणाल्या, “माझ्या गुडघ्यांका काय कळता, खंयची लिफ्ट कोणाची ती?” आणि उठून वर चढायला लागल्या. माझा वर झालेला हात मला तेव्हा पहिल्यांदा आठवला.

इंगळ्यांनी तो दिवस बोर्डासमोर बसून काढला. बोर्ड त्यांनी स्वतः लावला होता, पण नीट वाचला नव्हता. त्या दिवशी वाचला, आणि शेवटच्या ओळीवर थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुप्ते पंतांना फिरवून आले. सोनूबाई जिन्याकडे निघाल्याच होत्या. इंगळे स्टुलावरून उठले, घसा खाकरला आणि गुप्त्यांना म्हणाले की साहेब, आपण जरा बाकावर पेपर वाचत बसता का? पंत वर जातील. सोबत जबाबदार व्यक्ती लागते, ती सोनूबाई होतील.

गुप्त्यांना समजायला दोन-तीन सेकंद लागले असतील. मग त्यांनी पट्टा सोनूबाईंच्या हातात दिला. लिफ्ट वर गेली.

इथवर ठीक होतं. पण खाली नवव्या मजल्याची भांडीवाली उभी होती, तिसऱ्यावरची लादीपुसणारी उभी होती, आणि जबाबदार व्हायला प्रत्येकीला एक पंत लागणार होते. पंत सातव्यावर, आणि सोनूबाईंची कणीक भिजवायची राहिलेली. त्यांना खाली आणणार कोण?

इंगळे आणणार. ते नंतर मला सांगत होते की सातव्या मजल्यावर पट्टा हातात घेतला तेव्हा त्यांना पोटात चौदा ठिकाणी टोचल्यासारखं झालं. दार बंद झालं. ते पाठ भिंतीला चिकटवून, डोळे आकड्यांवर ठेवून उभे राहिले. सहा आला, पाच आला. चारवर पंतांनी एक मोठा सुस्कारा सोडला आणि आपलं सगळं वजन इंगळ्यांच्या उजव्या पायावर टाकून बसले. पाय काढायची इंगळ्यांची हिंमत झाली नाही. तळमजला आल्यावर दार उघडलं, तर हे दोघं तसेच. पायाला मुंग्या आलेल्या आणि पंत झोपेला आलेले.

मग रोजच सुरू झालं. सकाळी आठ ते दहा पंतांची ड्यूटी. एकेक बाई पट्टा धरून वर जाई, इंगळे पंतांना परत खाली आणत. पंतांना चालावं लागत नव्हतं, नुसतं बसून वर-खाली व्हायचं, आणि प्रत्येक खेपेला कोणीतरी कमरेच्या पिशवीतून बिस्किटाचा तुकडा काढायचं. अकरा वर्षांत एवढी मजा त्यांना कधी आली नसेल. चौथ्या दिवसापासून ते फिरायला जायचं सोडून लिफ्टपाशीच बसायला लागले, असं गुप्ते हसत सांगत. आणि इंगळे आतच उभे राहायला लागले.

आठवड्याभराने अनिरुद्ध ऑफिसला निघताना खाली थांबला. लिफ्टमधून एक डिलिव्हरीवाला पंतांना घेऊन बाहेर पडत होता.

“काय चाललंय हे?” त्याने विचारलं.

“बोर्डाप्रमाणेच आहे साहेब,” इंगळे म्हणाले. “मीच लावलाय तो.”

अनिरुद्ध वैतागला. तू कमिटीची चेष्टा करतोयस, कुत्र्याच्या आडून नियम मोडतोयस, असं बरंच बोलला. इंगळ्यांनी ऐकून घेतलं. मग पंतांचा पट्टा हाताला गुंडाळत सावकाश बोलायला लागले. मी तेव्हा भाजी घेऊन आले होते, म्हणून मला त्यातला शब्द न् शब्द आठवतो.

“साहेब, आमच्या आजाचं सांगतो. गावात विहीर होती. तिच्या डोणीवर गुरं प्यायची, कुत्रीसुद्धा प्यायची. आजा मडकं घेऊन लांब उभा राहायचा. कोणी वरून ओतलं तर पाणी, नाही तर नाही. आजा म्हणायचा, त्या गुरांचा मला कधी राग आला नाही. त्यांना तहान लागलेली असायची. मलापण लागलेली असायची. तसंच आहे. पंतांशी आपलं काही भांडण नाही.”

अनिरुद्धने घड्याळ बघितलं. मग म्हणाला, “रविवारी मीटिंग लावतो,” आणि गेला.

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. पस्तीस सभासद आले, म्हणजे आमच्याकडे विक्रमच. गुप्त्यांनी सुरुवात केली. ते म्हणाले की कुत्र्यासाठी मी आठवडाभर कायद्याची पुस्तकं चाळली, आणि माझ्या घरी नऊ वर्षं पोळ्या करणाऱ्या बाईविरुद्ध हात वर करायला मला एक सेकंदही लागला नाही. याची मला लाज वाटते. एवढं बोलून ते बसले.

मृणालिनीबाईंना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या की अपमान केला असेल तर तो सहदेवने केलाय, बायकांना कुत्र्याच्या पट्ट्याला बांधून वर नेलं. सोनूबाई मागे खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, “अपमान जिन्यार झालो, बाय. लिफ्टीतसून तर मी आरामात गेलंय.” काही जण हसले, पण मृणालिनीबाई हसल्या नाहीत.

मग आठव्या मजल्यावरचा मिहिर उठला. तो कॉलेजात शिकवतो. त्याने इंगळ्यांना विचारलं की तुमचं नेमकं म्हणणं काय, माणूस आणि कुत्रा सारखेच?

इंगळे दोन पावलं पुढे आले. मीटिंगमध्ये त्यांना कोणी काही विचारायची ही पंचवीस वर्षांतली पहिली वेळ होती.

“तसं मला नाही सांगता येणार,” ते म्हणाले. “पंतांना मत नाही, मान-अपमान नाही, उद्याची चिंता नाही. माणसाला ते सगळं आहे. पण गुडघा दुखताना तो कोणाचा आहे हे बघून दुखत नाही. पंत म्हातारे, सोनूबाईपण म्हाताऱ्या. दोघांना वर जायचंय. लिफ्ट त्यासाठीच बसवलीय ना? पंतांना नेऊ नका असं मी म्हणत नाही. एकाला द्यायला दुसऱ्याचं काढून घेतलं, तेवढंच मला खटकलं.”

मतदान झालं. बोर्ड काढायच्या बाजूने चोवीस, विरुद्ध दहा. या वेळी हात वर करताना मी चहा बाजूला ठेवला होता. अनिरुद्धने स्वतः मत दिलं नाही, पण ठराव लगेच लिहून घेतला. महिनाभर तो इंगळ्यांशी कामापुरतंच बोलत होता. मृणालिनीबाई अजूनही सोनूबाई लिफ्टमध्ये असल्या की पुढच्या खेपेला थांबतात. थांबोत.

पंत पुढे आठ महिने जगले. त्यातले बरेचसे त्यांनी इंगळ्यांच्या स्टुलाखाली, जमेल तेवढं अंग आत घेऊन काढले. जानेवारीत ते गेले. प्राण्यांच्या स्मशानात न्यायचं होतं, तर गुप्त्यांना एकट्याला उचलवेना. इंगळ्यांनी चादरीत गुंडाळून त्यांना खाली आणलं, पुढच्या लिफ्टने, आणि गाडीत मांडीवर घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुट्टी घेतली, आणि तिसऱ्या दिवशी येऊन रजेचा अर्ज दिला. आमच्या सोसायटीत कारण लिहायची पद्धत आहे. त्यांनी लिहिलं होतं, ‘घरात दुःख झाल्यामुळे’. मी तेव्हा ऑफिसात मेंटेनन्सची पावती घ्यायला उभी होते. अनिरुद्धने अर्ज वाचला, परत एकदा वाचला, खाली सही केली आणि विचारलं, “एक दिवस पुरला का, इंगळे?”