बांधीतून गेलेली वाट

रविवारी उपासनेला येणाऱ्या प्रत्येकाचा खांदा ती देवळाच्या दारातच चाचपून पाही. अंगठा गळ्याच्या हाडावर, बोटे पाठीवर, मग हलकासा दाब. "कामाचा हाय," ती म्हणे आणि आत सोडी. नवख्याला तो आशीर्वाद वाटे. आम्हाला ठाऊक होते, मयताची पेटी उचलायला ती माणसे पारखते आहे.

सगळी मंडळी तिला मोठीमाय म्हणे. मी साकोलीला शिकवते. पहिल्या बसने गावी पोचावे, तर ओल्या चुन्याच्या आणि वटवाघळांच्या वासात ती दारात उभी. "तुहा खांदा तं पाखराचा हाय, पोरी. पुस्तकं उचलून का होते? धानाचं पोतं उचलून पाह्य एखांदं."

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील, जी एकाच भीतीला सांभाळत म्हातारी होतात. मोठीमायची भीती तिच्या जन्माआधीची होती. आमची ख्रिस्ती मंडळी दुष्काळातून उपजली. मिशनने उचलून आणलेली पोरकी मुले इथे वाढली, त्यांनीच या देवळाचे दगड वाहिले. त्यांच्यातले पहिले माणूस गेले तेव्हा गावातून कोणी पुढे आले नाही. प्रेत दिवसभर उन्हात राहिले. शेवटी त्या मिसरूड न फुटलेल्या पोरांनीच ते उचलले. त्यांत मोठीमायचा आजा होता. तेव्हापासूनचा नेम: आपल्या मेलेल्याला आपलाच खांदा.

कबरस्थान धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे शेतांच्या, पलीकडे आहे. मधून जाणारा धुरा, शेतांमधला मातीचा बांध, एका माणसापुरता. पेटी असली की खांदेकऱ्यांना दोन्ही बाजूंनी चिखलात उतरावे लागते.

तिचा नवरा श्रावणात गेला. मंडळीतली तरणी पोरे तोवर नागपूर-पुण्याला पांगली होती. चार म्हातारे पेटी घेऊन निघाले आणि शालिकच्या बांधीत एकाचा पाय रुतला. पेटी कलंडली. आतून काहीतरी लाकडावर आपटले. तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला, आणि कोणी कोणाकडे पाहिले नाही.

शालिक तिचा शेजारी. रोवणी टाकून धावत आला, ढोपरापर्यंत चिखल.

"सरका मोठीमाय, मी लागतो."

"नोको."

"काहून? बापासारखा होता तो मले."

"तुह्या आज्यानं नाई लावला खांदा. तू कायले लावतं आता?"

शालिक धुऱ्यावर हात जोडून उभा राहिला. पेटी त्याच्या कोवळ्या रोपांवर पडून राहिली. शेजारच्या गावातून मंडळीची माणसे आली तेव्हा दिवस कलला होता.

शालिकने तेवढ्या जागी पुन्हा रोवणी केली नाही. हिरव्या बांधीत पेटीएवढा लांबट चौकोन उघडा राहिला. आत पाणी, पाण्यात आभाळ. देवळाच्या दारातून तो सरळ दिसे. मोठीमाय त्याच दारात उभी असे.

मग खांदे कमी होत गेले. कोणी मुलाकडे राहायला गेले, कोणी कबरस्थानात. उरलेल्या दोन म्हाताऱ्या भावांच्या खांद्यांवर तिचा हात येई, थांबे, आणि ती काही न बोलता त्यांना आत सोडी. "कामाचा हाय" हे शब्द देवळातून केव्हा गेले, कळलेही नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी उपासना सुटल्यावर ती धुऱ्यावरून एकटीच निघाली. शालिक धान निंदत होता. तो उभा राहिला. तिने हात वर केला आणि त्याचा खांदा चाचपला. अंगठा गळ्याच्या हाडावर, बोटे पाठीवर. ती काहीतरी बोलली. त्याने मान हलवली. परत आल्यावर मी विचारले तेव्हा म्हणाली, "तुह्यी बस जाईन, पोरी."

आश्विनात ती गेली. भंडाऱ्याहून दफनविधीला पाळकसाहेब आले. दोघे भाऊ पेटीला मागून लागले. शालिक न बोलावता आला आणि पुढे उभा राहिला. चौथा खांदा नव्हता. मी पदर खोचला. आमच्यात बायका खांदा देत नाहीत. पण मना करायलाही कोणी उरले नव्हते.

धुरा आला. शालिक स्वतःच्या उभ्या धानात उतरला, दुसऱ्या बाजूने मी. भरलेल्या लोंब्या गुडघ्यांवर घासत मोडत होत्या. त्यांचा कोरडा, बारीक आवाज पेटीबरोबर चालला होता. थोरला भाऊ मागे धापा टाकत होता. पेटी कलंडली नाही. जड होते ते लाकूडच.

माती देऊन झाल्यावर आम्ही तलावावर पाय धुतले. "त्या दिवशी काय म्हणाली होती मोठीमाय तुम्हाला?" मी विचारले.

शालिक पिंडरीचा चिखल खरवडत राहिला. "म्हने, 'शालिक, मले नेतानी तुहं धान तुडवलं जाईन. चालन का?'"

"मग?"

"चालन म्हनलो."

पुढच्या रविवारी मी देवळाचे दार उघडले. खांद्यावर पेटीच्या कडेचा वळ अजून दुखत होता. समोर पिवळ्या बांधीत धुऱ्याच्या दोन्ही अंगांनी मोडलेल्या धानाचे दोन पट्टे कबरस्थानापर्यंत गेले होते. दोघे भाऊ यायचे होते. मी दारात थांबले. हात कुठे ठेवावा, ते मला कळेना.