तिसऱ्या पिशवीतली माती

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. एम.एस्सी. केलंय, जळगावला माती तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. मांजर आडवं गेलं तर थांबते खरी... पण त्याला बिस्किट द्यायला!

गेल्या मार्चमध्ये फैजपूरजवळच्या एका गावात, सकाळी अकराला, पारावर आमचं शिबिर होतं. केळीला अंदाजाने खत टाकू नका, आधी माती तपासा — एवढंच सांगायचं होतं. पण कोणी नमुनाच देईना. आदल्या वर्षी बागेतल्या चिखलात जायचा कंटाळा करून सगळ्यांनी एकाच बांधावरची माती भरून दिली होती. सगळ्यांचे रिपोर्ट सारखे आले आणि खोटं ठरलं कोण? आमचं मशीन!

गावातले जुने बागायतदार नाना म्हणाले, "ताई, माती हातात घेतली का समजते. मशीन कायले पाह्यजे?"

मला चेव चढला. सहकारी मॅडमनी चार ठिकाणची माती भरून, तोंडं शिवून आणलेल्या पिशव्या मांडल्या. कोणती कुठली, ते फक्त त्यांच्या कागदावर. "उघडून बघा, चोळून बघा. एकानेही ओळखली, तर मी बॅनर गुंडाळून जाते, परत येणार नाही!"

पहिल्या दोन पिशव्या उघडल्या. नानांनी स्वतःच्याच शेतातली माती भावकीतल्या वैऱ्याची म्हणून सांगितली. पारावरची माणसं हसून हसून बेजार! मी जिंकत होते.

तेवढ्यात नानांच्या आई, अक्का, चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवायला त्यांनी तिसरी पिशवी — न उघडलेली — बाजूला सारली, आणि हात तिच्यावर तसाच राहिला. साठ वर्षं इकडची बोली बोलणाऱ्या अक्का एकदम अहिराणीत म्हणाल्या, "हाई ते मन्हा माहेरनी माटी शे... शिंदखेडानी!"

मॅडमनी कागद फक्त मला दाखवला. शिंदखेडा. मी पिशवीची शिवण तपासली. शाबूत होती.

नाही म्हटलं असतं तर शिबिर वाचलं असतं. खरंच, जिभेवर आलं होतं. पण म्हणाले, "बरोबर आहे. कसं ओळखलं, मला माहीत नाही." आणि बॅनर सोडायला घेतला.

"बसा ताई," नाना म्हणाले. "माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारं माणूस पह्यल्यांदा पाह्यलं. आता तुमच्या मशीनवर भरोसा हाये." दुपारपर्यंत गुडघाभर चिखलाने माखलेली माणसं बागांमधून नमुने आणत होती. मला इतका आनंद झाला, की चहा तीनदा घेतला.

महिन्याने रिपोर्ट द्यायला गेले, तेव्हा अक्कांपुढे पुन्हा पिशव्या मांडल्या. सगळ्या चुकल्या. माहेरचीसुद्धा!

"अक्का, मग तेव्हा कसं ओळखलंत?"

अक्का हसल्या. "मी कोठे वळखं, बेटा? माटीनीच माले वळखं."