चीनला पोहोचलेला मंत्र

छापखान्याच्या शाईचा वास आला की अजून माझं डोकं तापतं. अमळनेरच्या वाचनालयात एका पंडितांचं व्याख्यान होतं. त्याचं पत्रक मीच लिहिलं, खाली 'सर्वांस मुक्त प्रवेश' असं ठोकून दिलं आणि महारवाड्यात जाऊन वाचूनही दाखवलं. तिथले एक म्हातारे आबा धुतलेलं पागोटं बांधून खरोखरच आले, तर चिटणिसांनी त्यांना बाहेर खिडकीखाली उन्हात बसवलं. आत पंडित रंगात येऊन सांगत होते, आपले बौद्ध भिक्षू मंत्र-मंडलांची गुप्त विद्या घेऊन समुद्रापार चीनला गेले, तिथल्या बादशहालाही त्यांनी दीक्षा दिली, कोणाला परकं मानलं नाही. टाळ्या पडल्या. तेवढ्यात आबांनी खिडकीतून विचारलं, "महाराज, त्या चिनना राजाले मंतर दिधा, तवय त्यानी जात इचारी व्हती का?" पंडित पाणी प्यायले. चिटणीस म्हणाले, "खिडकी लावा हो, धूळ येतेय." खिडकीजवळ मीच बसलो होतो, आणि मी ती लावली. आज पत्रकांतून मी ढोंग्यांची नावं घेऊन त्यांना सोलून काढतो. त्यांत पहिलं नाव माझं हवं, तेवढं मात्र मी अजून छापलेलं नाही.