लोहोबाचा सेल

घड्याळवाल्या मावशींनी दुकानात भूत पकडून ठेवलंय, अशी आवई उठली होती. उठवणाऱ्यांत मीही होतो, खोटं कशाला बोलू? पण ते भूत नव्हतं, लोहोबा होता. मावशींच्या लेकीचा जुना व्हिडिओ गेम आहे, राक्षस जमवायचा. त्यातला हा चुंबकाच्या शक्तीने लोखंड ओढणारा खडकाचा प्राणी तिने शाळेत असताना पकडला आणि बावीस वर्षं वाढवला. आता गेमच्या कॅसेटमधला बटणाएवढा सेल संपत आला होता. गेमची साठवण त्या सेलवरच टिकते; तो गेला की लोहोबा कायमचा पुसला जाणार.

दुसरा सेल दोन तारांनी जोडून ठेवायचा आणि मग जुना बदलायचा, असं मावशींनी ठरवलं. मी दुरुस्तीला आणलेलं घड्याळ बाजूला सारून त्यांनी डोळ्याला भिंग लावलं.

"आई, तार हलतेय!"

"तूच हलतेयस. गप्प उभी राहा."

जुना सेल निघाला आणि नेमकी एक तार सुटू लागली. मावशींनी ती बोटाने दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने नवा सेल तापल्या कथलाचा डाग देऊन बसवला. बोट भाजलं, पण हलवलं नाही.

गेम लावला. पडदा काळाच. लेकीचे डोळे भरले, आणि तेवढ्यात लोहोबा उगवला.

"एका दगडासाठी एवढा घाम, मावशी?" मी म्हणालो.

बोटावर फुंकर घालत त्या म्हणाल्या, "नातवासारखा वाढलाय तो आमच्या घरात. पुन्हा दगड म्हणालास, तर तुझं घड्याळ उलटं फिरवून देईन."