गार भाताचा निकाल

भात कसा झालाय, असं मावशींना विचारलं की त्या लगेच उत्तर देत नसत. पातेल्यातून दोन शितं उचलायच्या, तळहातावर ठेवून अंगठ्याने चिरडायच्या आणि हात पदराला पुसत म्हणायच्या, "सांगते उद्याला." मी तेव्हा तरुण आणि भलताच घाईत होतो. मला वाटायचं, बाईंना कळत काही नाही आणि ते कबूलही करायचं नाही. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या गप्प बसण्याचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावत असतो.

इगतपुरीच्या बाजूला आमच्या लहानशा संस्थेची चार-पाच भातखाचरं होती. तिथे मी भाताचे नवे वाण तयार करायचो. म्हणजे दोन जातींचा संकर करायचा, वर्षामागून वर्षं त्याच्या पिढ्या लावत चांगली रोपं निवडत जायची आणि शेवटी एखादा वाण शेतकऱ्याच्या हातात द्यायचा. मावशी तिथे रोजंदारीवर. रोपांची आवणी, निंदणी, कापणी सगळं करायच्या आणि नमुने शिजवून बघायचे असले की चूलही त्यांच्याकडेच. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक. त्यांच्याहून वयाने मोठा असलेला रखवालदारसुद्धा त्यांना मावशीच म्हणायचा.

बोलणं मात्र फटकळ. एकदा मी डोक्यावर छत्री धरून लोंब्या मोजत होतो. मावशी पलीकडच्या खाचरातून ओरडल्या, "साहेब, त्या भाताला लागू द्या की वाईच ऊन!" सगळ्या बाया खो खो हसल्या. छत्री मिटली आणि कितवी लोंबी ते विसरलो. पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.

माझा लाडका वाण होता सतरा नंबर. बुटका, वादळी पावसातही न लोळणारा, भरघोस लोंबीचा. शिजला की दाणा न् दाणा सुटा. सात वर्षं मी त्याच्यामागे होतो. आता एवढंच उरलं होतं की गावकऱ्यांना तो खाऊ घालायचा, त्यांची पसंती कागदावर घ्यायची आणि प्रस्ताव पुढे पाठवायचा. मंजुरी मिळाली की बियाणं गावोगाव जाणार होतं.

त्या दिवशी आम्ही मांडव घातला. सहा वाणांची सहा वाफाळती पातेली मांडली. प्रत्येकाच्या हातात एक भुईमुगाची शेंग द्यायची आणि आवडलेल्या पातेल्यासमोरच्या वाटीत ती टाकायला सांगायचं. पुरुष आधी जेवले. सतराच्या वाटीत शेंगा मावेनात. मग बायका आल्या. समोर खुर्च्यांवर सासरे, दीर, सरपंच बसलेले. बायकांनी वाट्यांवरून एकदा नजर फिरवली आणि जिथे ढीग होता तिथेच आपापली शेंग टाकली. जाताना मात्र बऱ्याच जणींनी सतराचा मूठ-मूठ भात पळसाच्या पानात, डब्याच्या झाकणात, मिळेल त्यात बांधून नेला. मला अगदी भरून आलं. अहवालात मी लिहिलं, 'महिलांना हा वाण इतका पसंत पडला की त्यांनी तो घरी नेला.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. ओच्यातून पळसाचं पान काढलं आणि टेबलावर उलटं केलं. शितं टपटप पडली.

"ह्यो तुमचा सतरा. कालचा. खाऊन बघा."

"मावशी, हा शिळा भात आहे."

"मंग आमी बाया काय खातो? पहाटं रांधायचं, गड्यांना गरम वाढायचं. आमचं जेवण दुपारी बांधावर, नाय तर रातचं उरल्यालं सकाळी. बाया भात घरी का घेऊन गेल्या? सकाळपत्तुर त्याचं काय व्हतं ते बघाया. मी आठ घरं फिरून आले. पोरं तोंडात घेईनात."

"मग काल शेंग टाकताना बोलायचं होतं त्यांनी!"

"सासऱ्याम्होरं?" मावशी एवढंच म्हणाल्या.

मला राग आला होता, आणि राग आला की माणूस खालच्या पातळीवर येतो. मी म्हणालो, "मावशी, तुम्हाला आवणीला ठेवलंय, निकाल द्यायला नाही." त्यांनी पान घडी करून ओच्यात ठेवलं आणि त्या खाचराकडे निघून गेल्या. रोजावरच्या बाईला उद्यापासून येऊ नका म्हणायला कितीसा वेळ लागतो? तरी त्या बोलल्या होत्या. माझं ते वाक्य आठवलं की मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी पंचवटीत घरी आलो. आमच्या घरी दोन वर्षं सतराचाच तांदूळ होता. जेवण झाल्यावर मी बायकोला म्हणालो, "थोडा भात झाकून ठेव, मी सकाळी खाणार आहे." ती माझ्याकडे बघतच राहिली. सकाळी मी तो खाल्ला. दोन घास झाले आणि तिसरा पाण्याबरोबर ढकलावा लागला. सुटा शिजणारा दाणा निवला की ताठरतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण मी जन्मात कधी गार भात खाल्लाच नव्हता. आधी आईने गरम वाढला, मग बायकोने.

"तू दोन वर्षं हाच खातेस? मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारायचात तेव्हा तो गरम असायचा," ती म्हणाली. "आणि तुमचा वाण होता ना. किती कौतुकाने आणला होतात."

मी अहवाल बदलला नाही, फाडलाच. आमच्या मोठ्या साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी हंगामाचं वेळापत्रक काढून पाहिलं. मग म्हणाले, "एक हंगाम गेला आपला. पण हे बियाणं गावात गेल्यावर कळलं असतं, तर?" त्या क्षणी मला एकदम हायसं वाटलं. सतरा घरोघर गेला असता, लोकांनी एकदा पेरला असता, बायकांनी तो वर्षभर मुकाट्याने गिळला असता आणि पुढच्या साली आमच्या संस्थेला दारात कोणी उभं केलं नसतं.

मी खाचरावर गेलो. "मावशी, चुकलं माझं. आता कसं करायचं ते तुम्हीच सांगा."

त्या चिखलातून वर आल्या नाहीत. हातातली रोपं लावून संपवली, मग म्हणाल्या, "बायांना निराळं बसवा. पहाटं रांधा, दुपारी वाढा. आन् गड्यांना आधी उभं पीक दावा. तुमचा सतरा येवढासा. गुरांना पेंढा कुठनं आणायचा? त्ये बी बोलले नाय, कारन तुमी त्यांना निस्तं जेवाया घातलं."

त्या हंगामात तसंच केलं. गडी माणसं बांधावर उभी राहून पेंढ्याची उंची हाताने मोजत भांडली. बायका मांडवात एकट्या बसल्या, आणि त्यांचा गलका रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. एक म्हातारी गार भाताचा घास वळत म्हणाली, "ह्यो मऊ हाय. दात नाय तरी चालंल." तो होता बावीस नंबर. सतरापेक्षा हातभर उंच, उत्पन्नाला जरा कमी, शिजल्यावर किंचित चिकट. मी तो केव्हाच बाजूला टाकला होता. दोन्हीकडे त्याचीच वाटी शेंगांनी भरली, आणि पुढे मंजुरीही त्यालाच मिळाली.

मावशी आता इथे नाहीत. मुलगा मनमाडला रेल्वेत लागला, तो त्यांना घेऊन गेला. तिकडे घरात बाजरीची भाकरी, भात सणावारी. खाचराच्या कडेने जाताना कोणी टोमणा मारत नाही, याची मला अजून सवय झालेली नाही.

पण डोळ्यांपुढे येतात त्या बियाणं वाटपाच्या दिवशीच्या मावशी. इतकी वर्षं संस्थेत राबून त्यांनी आमचं मूठभर बी कधी घरी नेलं नव्हतं. आपल्या अर्ध्या एकरात त्या सासूच्या वेळचा जुनाच भात लावायच्या. "तुमचं बी तुमालाच लखलाभ" म्हणायच्या. त्या दिवशी मी खाली मान घालून बावीस मोजून देत होतो. समोर एक कापडी पिशवी आली.

"नाव सांगा," मी म्हणालो.

नाव लिहून घ्यायला वर पाहिलं. मावशी होत्या. पदर नीट डोक्यावर घेतलेला, रांगेतल्या बाकीच्या बायांसारख्याच उभ्या.

"तुम्ही?"

"रांगेत हाय मी. मापा."

मी माप शिगोशीग भरलं, आणि ओतताना थोडं बी बाहेर सांडलं.  मावशींनी खाली बसून सांडलेले दाणे एकेक करून वेचले, पिशवीत टाकले आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.